मोजणी चालू असताना

आमच्या घरात मौलवीसाहेब येऊन बसले तरी बोलणं थांबत नसे. जेवताना भांडणं होत, मयताच्या बैठकीतही कोणाच्या तरी तोंडून एखादा विनोद निसटे. पण आई कॉइल मोजत असताना तोंड उघडायचं नाही, हा एक नियम मात्र म्हाताऱ्यापासून रांगणाऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होता. अब्बांचं पौडच्या बाजारपेठेत मोटार भरायचं दुकान होतं. पुढच्या दोन खणांत दुकान आणि मागच्या दोन खणांत आम्ही. लोक जळालेल्या मोटारी घेऊन येत. विहिरीवरच्या, गिरणीच्या, उरवड्याच्या कारखान्यातल्या, आणि लग्नात आलेले मिक्सर तर ढिगानं. अब्बा आतली जळकी तार उपसून काढत आणि नवी तांब्याची तार भरून मोटार पुन्हा चालती करत. ती तार आधी हाताच्या मशीनवर गुंडाळून तिची कॉइल करावी लागते आणि तिचे फेरे नेमके मोजावे लागतात. मशीनला काउंटर होता, पण तो माझ्या जन्माआधीपासून चारशे अकरावर अडकला होता. त्यामुळे फेरे आई मोजायची.

आई चौथीपर्यंत शिकलेली. मोजताना तिचे ओठ हलत नसत, फक्त डाव्या पायाचा अंगठा हले. तेवढ्या वेळात तिच्याशी व्यवहार भुवयांनी करायचा. एक भुवई वर गेली तर थांब, दोन्ही गेल्या तर मार खाशील. एकदा चुलीवरचं दूध उतू जाताना तिनं डोळ्यांनी पाहिलं, पण हात थांबवला नाही. कॉइल पुरी झाल्यावर तिनं दुधाला आणि आम्हाला मिळून शिव्या घातल्या. अब्बा गिऱ्हाइकांना मोठ्या ऐटीत सांगत, की वीस वर्षांत हिचा एक फेरा चुकला नाही. त्या दिवशी कालवणात मटणाचे तुकडे जास्त पडत.

दुकानाच्या कोपऱ्यात कॉइलींवरचं वार्निश सुकवायची भट्टी होती आणि तिचा वास घरभर असे. तांदळाच्या भाकरीला, सुकटीच्या चटणीला, वाळत घातलेल्या ओढण्यांना, सगळ्याला. नातेवाईक जेवायला बसले की नाक मुरडत. मला तो वास कधी आलाच नाही. पुढे नोकरीच्या गावी खानावळीत जेवायला लागले तेव्हा जेवणात काहीतरी कमी वाटायचं आणि काय ते कळायचं नाही. आता कळतं, पण वार्निश मागून घ्यायची सोय कोणत्याच खानावळीत नसते.

मी पुण्याच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या सात पिढ्यांत बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. ह्या गोष्टीचा मला अभिमान होता आणि घरच्यांना धाक. 'कॉलेज' हा शब्द आमच्याकडे मामलेदारासारखा होता. तो आला की सगळे उठून उभे राहत. त्या वर्षी उरवड्याच्या एका कारखान्यानं एकदम पंधरा मोटारी भरायला दिल्या आणि त्याचे पैसे आल्यावर अब्बांनी जेवता जेवता जाहीर केलं, की शमीला, म्हणजे मला, घरी कॉम्प्युटर घ्यायचा. पंचावन्न हजार, त्यावर एक रुपया नाही.

आता खरं सांगायचं तर कॉलेजच्या अभ्यासाला त्याच्या निम्म्या किमतीचा डबाही चालला असता. त्यात प्रोग्रॅम लिहायचा आणि तो चालत नाही हे बघायचं, एवढंच काम. पण माझी मामेबहीण जांब्यात खोली घेऊन राहायची, हिंजवडीला कामाला जायची, आणि तिच्या खोलीतल्या मैत्रिणीकडे गेम खेळायचा कॉम्प्युटर होता. तिथं मी एका दुपारी तलवारवाल्या एका बाईला घोड्यावर बसवून डोंगरातून फिरवलं आणि नऊ वेळा दरीत पाडलं. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मला तसला हवा होता. पण आमच्या घरात 'खेळायला' ह्या कारणासाठी आजवर एकच वस्तू विकत घेतली गेली होती, ती म्हणजे उरुसातला प्लास्टिकचा चेंडू, आणि तोही संध्याकाळपर्यंत गटारात गेला होता.

मी महिनाभर बसून कॉम्प्युटरच्या सुट्या पार्टांची यादी केली. ज्यानं अशी यादी केली आहे त्याला ठाऊक असेल, की पंचावन्न हजार ही रक्कम एखाद्या आखूड पांघरुणासारखी असते. प्रोसेसर चांगला घेतला की ग्राफिक्स कार्ड उघडं पडतं, कार्ड झाकलं की मॉनिटरचे पाय बाहेर. माझा सगळा जीव कार्डात. गेममधले डोंगर, घोडा, बाई हे सगळं तेच रंगवतं. म्हणून मी बाकी सगळीकडे कात्री लावली आणि अठरा हजार एकट्या कार्डाला दिले. वीज पुरवणारा जो डबा असतो, एसएमपीएस, तो कॅबिनेटबरोबर जवळजवळ फुकट मिळत होता, तोच घेतला. उरलेल्या पैशात रंगीत दिव्यांचे तीन पंखे आणि काचेची बाजू असलेलं कॅबिनेटही बसवलं. यादी बघून मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

अब्बांचा एक नियम होता. ज्या वस्तूचं काम सांगता येत नाही ती घ्यायची नाही. त्यामुळे रोज संध्याकाळी दुकान आवरल्यावर ते स्टुलावर बसत आणि मी एकेक पार्ट समजावून सांगे. प्रोसेसर म्हणजे मोटार. ठीक. मदरबोर्ड म्हणजे सगळी जोडणी जिथं येते ते पॅनेल. ठीक. रॅम म्हणजे कामाचं टेबल, जेवढं मोठं तेवढी कामं एका वेळी उघडी ठेवता येतात. हे त्यांना फार पटलं, कारण त्यांच्या टेबलावर नेहमी सहा मोटारी उघड्या असत आणि त्यातल्या चार कोणाच्या ते आठवत नसे. पंख्यांच्या दिव्यांपाशी ते अडले. दिव्याचं काम काय, म्हणून विचारलं. मी म्हणाले, शोभा. त्यावर त्यांनी विचारलं, की आत कोणाचं लगीन हाय का. पंख्यांपुढे फुली पडली.

मग कार्ड आलं. मी म्हणाले, ही चित्रं काढणारी दुसरी मोटार. अब्बांनी विचारलं, मग पहिली मोटार काय करते. मी म्हणाले, पहिलीही काढते, पण हळू. कॉलेजनं हेच घ्या म्हणून सांगितलंय. अब्बांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "आईला पटव. पैसा तिच्या ट्रंकेत हाय."

आईला पटवणं म्हणजे तिचे प्रश्न झेलणं. ती चार प्रश्नांत माणूस उलगडायची. भाजीवाला, नणंद, ग्रामसेवक, कोणी सुटलेलं नव्हतं. दोन दिवस मी विचार केला आणि मग मला जे सुचलं ते सुचल्याबद्दल मी त्या वेळी खूशच होते. आई मोजायला बसली की प्रश्न विचारू शकत नाही. त्या दिवशी ती एका भातगिरणीच्या मोटारीची कॉइल करत होती. सुगीचे दिवस, गिरणीवर भाताची पोती थटलेली, त्यामुळे काम घाईचं. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि एका दमात सांगून टाकलं, की यादीत एक अठरा हजाराचं कार्ड आहे, कॉलेजनं सक्तीचं केलंय, ते नसेल तर परीक्षेला बसू देणार नाहीत. परीक्षेचं मी ऐन वेळी घातलं. आईच्या दोन्ही भुवया वर गेल्या. अंगठा क्षणभर थांबला, मग पुन्हा हलायला लागला. कॉइल पुरी करून तिनं तार तोडली आणि एवढंच विचारलं, की कॉलेज म्हणतंय का. मी हो म्हणाले. "मग घ्याच लागंल," ती म्हणाली आणि भाकरी थापायला गेली.

गिरणीची मोटार चौथ्या दिवशी टेम्पोतून परत आली. गिरणीवाले नाना टेम्पोतून उतरतानाच बोलत होते. "मुलाणी, मोटार भरलीस का तव्यावर भाजलीस? हात लावून बघ. घुमती बी अशी, जसं भूत बसलंय आत." गिरणी बंद, पोती दारात, आणि लोक दुसऱ्या गिरणीकडे निघालेले. अब्बांनी मोटार उघडली. घाईत देताना त्यांनी ती नुसती चालवून पाहिली होती, तिन्ही फेजचा, म्हणजे आतल्या तारेच्या तिन्ही भागांचा, करंट तपासला नव्हता. आता एक फेज काळपट पडली होती. त्या फेजची कॉइल त्यांनी छिन्नीनं तोडली आणि तुटलेल्या तारांची टोकं मोजली, फेऱ्याला एक. सेहेचाळीस हवी होती. छत्तीस भरली. त्यांनी पुन्हा मोजली. मग तिसऱ्यांदा. आई मधल्या दारात पिठाचे हात घेऊन उभी होती. बरोब्बर दहा कमी, म्हणजे मोजताना विसाच्या घरातून एकदम तिसाच्या घरात उडी पडली होती. सव्वीसनंतर सदतीस, असं काहीतरी. अब्बा रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "होतं कधी कधी."

आईनं त्या दिवसापासून मशीनला हात लावला नाही. आधी म्हणाली नजर गेली, पण मोजायला नजर लागत नाही हे तिलाही ठाऊक होतं. मग म्हणाली डोकं गेलं. तिची आई, माझी नानी, शेवटी शेवटी आम्हा सगळ्यांना कोणाकोणाच्या नावानं हाका मारायची आणि स्वतःच्या पोरीला 'तुम्ही कुठल्या गं बाई' म्हणून विचारायची. आईला वाटलं, आपलं तेच सुरू झालं. तिनं हे कोणाला बोलून दाखवलं नाही. फक्त रोज रात्री चार बदाम भिजत घालायला लागली आणि सकाळी तोंडात टाकण्याआधी ते मोजायला लागली. अब्बांनी मशीनला नवा आकड्यांचा काउंटर बसवायचं ठरवलं. आईनं पंधरा वर्षं मागितला तेव्हा मिळाला नव्हता. तो येईपर्यंत गिरणीची मोटार उघडीच पडून राहिली.

आणि मी? मी पाच दिवस गप्प बसले. हे लपवण्यात अर्थ नाही. ज्या आईबापाच्या जिवावर मी शिकले त्यांच्याविषयी मी आता कृतज्ञतेनं लिहिते, भाषणात सांगते, लोक टाळ्याही वाजवतात. पण त्या पाच दिवसांत माझी आई सकाळी बदाम मोजत होती आणि मी पलीकडच्या खोलीत दोन कार्डांतलं कोणतं जास्त वेगानं चित्र काढतं ते मोबाइलवर वाचत होते.

रविवारी अब्बा आणि मी पुण्याला गेलो. अब्बांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि सवयीनं खिशाला टेस्टर अडकवला होता. दुकान दुसऱ्या मजल्यावर होतं. गल्ल्यावरचा माणूस निम्मं हिंदी आणि निम्मं इंग्रजी बोलायचा आणि मराठी फक्त भाव सांगताना वापरायचा. यादीप्रमाणे त्यानं खोकी मांडली. अब्बांनी एकेक उचलून पाहिलं. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण उचलल्याशिवाय वस्तू घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. कॅबिनेटबरोबरचा एसएमपीएस त्यांनी हातात घेतला, तळहातावर वर-खाली केला आणि खाली ठेवला.

"ह्यात तांबं न्हाई," ते म्हणाले.

दुकानदार हसून म्हणाला, की काका, चारशे पन्नास वॅटचा आहे, बघा लिहिलंय.

"लिहायला काय. माझ्या पाटीवर 'खात्रीशीर' लिहिलंय." मग त्यांनी मागच्या फळीवरचा दुसरा मागितला, त्याच वॅटचा. तो दुप्पट जड होता आणि अडीच हजारांनी महाग. पौडला व्होल्टेज कधी दोनशे साठ होतं आणि कधी एकशे साठ, आणि ते सगळं आधी ह्या डब्याच्या अंगावर येणार, हे त्यांनी दुकानदाराला असं समजावलं की मलाच लाज वाटली. महिनाभर अभ्यास करून मी जो पार्ट फुकट म्हणून घेतला होता तो त्यांनी वजनावर नापास केला होता. काचेचं कॅबिनेट गेलं, पत्र्याचं आलं. तरी पैसे कमी पडत होते. मी घाईघाईनं रॅम कमी करू म्हणाले, काहीही कमी करू, फक्त ते कार्ड.

"कार्ड ऱ्हाऊ दे," अब्बा म्हणाले. "ते कॉलेजचं हाय. तुज्या आईनं निघताना सांगितलंय, काय बी सोडा, कॉलेजचं सोडू नका. काउंटरचे पैसे बी दिल्यात तिनं. म्हणली, काउंटर नगं आता, मोजायचं मी सोडलंच हाय." आणि त्यांनी खिशातून आईच्या रुमालाची पुरचुंडी काढून दुकानदाराच्या टेबलावर ठेवली.

मला आजही त्या पुरचुंडीची गाठ दिसते. मी म्हणाले, "अब्बा, कार्ड कॉलेजला लागत न्हाई."

"मग?"

"खेळायला पायजे." एकोणीस वर्षांची घोडी, शेजारी दोन-चार गिऱ्हाइकं, आणि बापाला हे सांगायचं. मला वाटलं आता इथंच काहीतरी होणार. अब्बांनी मान हलवली.

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "माज्या दुकानात येणारा परत्येक माणूस म्हणतोय, मोटार आपोआप जळली. कोरडी चालवली, फेज गेल्यावर चालवली, कोन सांगत न्हाई. पण उघडली की तार सांगती. मी तोंडावर म्हणत न्हाई, भरून देतो. पोरीनं एक डाव खेळायला मागितलं, त्यात काय."

इथं मी थांबले असते तर कार्ड त्याच दिवशी घरी आलं असतं. पण तोंड उघडलंच होतं. "आन ते मी आईला मोजणीत सांगितलं. गिरणीच्या मोटारीच्या."

अब्बांनी हातातलं कार्डाचं खोकं खाली ठेवलं. त्यांचा चेहरा मी मोटार जळाल्यावरही तसा झालेला पाहिला नव्हता. "मोजणीत बोललीस?" त्यांनी विचारलं, आणि मग पुन्हा, हळू, "मोजणीत?" त्यानंतर त्यांनी दुकानदाराकडे पाणी मागितलं. पाणी पिऊन बाकी सगळ्या पार्टांचे पैसे दिले आणि कार्ड बाजूला सरकवलं. हे हिची आई ठरवेल, म्हणाले. दुकानदार म्हणाला, शेवटचा पीस आहे काका, उद्या मिळणार नाही. अब्बा म्हणाले, न्हाई तर न्हाई.

परतीच्या बसमध्ये मॉनिटर माझ्या मांडीवर आणि एसएमपीएस त्यांच्या. चांदणी चौक गेला, भूगाव गेलं, ते खिडकीबाहेर बघत होते. पिरंगुटचा घाट उतरताना पहिल्यांदा बोलले. "पाच दिस बदाम खाल्ले तिनं."

आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी खोकी खाली ठेवली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ती सुपातला हात तसाच ठेवून ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, की मी बोलायला लागले तेव्हा ती सव्वीसावर होती का. मला काय माहीत, मी म्हणाले. ती स्वतःशीच म्हणाली, "सव्वीसावरच असंन." आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते पदरानं पुसलं, मग उठून माझा कान असा पिळला की तो संध्याकाळपर्यंत गरम होता. अब्बांना म्हणाली, "म्हंजी माजं डोकं न्हाई गेलं. हिचं गेलंय." त्या रात्री बदाम भिजले नाहीत. उरलेले तिनं खिरीत घातले आणि खीर सगळ्यांना दिली, मला सोडून.

कार्ड आलं, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे कोणाचा जीव टांगणीला नको. ते पंधरा दिवसांनी आलं, एक पायरी खालचं आलं, आणि आई स्वतः पुण्याच्या दुकानात जाऊन 'ते खेळायचं कार्ड द्या' म्हणून सांगून आली. पण त्याआधी गिरणीची मोटार पुन्हा भरायची होती, नाना रोज दोनदा येऊन शिव्या देत होते, आणि आईनं ठरवलं की ती कॉइल मी मोजायची.

सोमवारी सकाळी मी मशीनसमोर बसले. सेहेचाळीस फेरे. आजवर मी हजार वेळा बघितलं होतं, हातात दांडा पहिल्यांदाच आला. आई समोर पाटावर बसली आणि तिनं तोंड उघडलं. वीस वर्षं मोजताना साठलेलं सगळं बोलणं बहुतेक तिनं त्या दिवशी काढलं. काकूचा बांध, मामीची साडी, तुझा जन्म झाला तेव्हा डॉक्टरीण काय म्हणाली. चौदावर माझा आकडा सुटला. तार सोडवली, पुन्हा सुरू. चहात साखर घालू का गूळ, तिनं विचारलं, आणि एकोणतीस गेले. अब्बा पलीकडे भट्टीत तोंड घालून बसले होते, त्यांचे खांदे हलताना मला दिसत होते. तिसऱ्या वेळी मी दात आवळले. आई बोलत राहिली, मी ऐकलंच नाही. तीस, पस्तीस, चाळीस. एक्केचाळिसावर तिचा आवाज एकदम खाली आला.

"खेळायला पायजे असं म्हणली असतीस तर मी न्हाई म्हणले असते, असं वाटलं व्हय गं तुला?"

पाच फेरे राहिले होते. भुवई उडवून भागवता आलं असतं. मी दांडा सोडला.

"व्हय," म्हणाले.

आईनं माझ्याकडे पाहिलं. "बरुबर वाटलं तुला," ती म्हणाली. "न्हाईच म्हणले असते." मग पुढे वाकून तिनं मशीनच्या फर्म्यावर गुंडाळलेली तार मोकळी केली आणि सुटं टोक माझ्या हातात दिलं. "चल, पैल्यापासनं."